एका उमेदवाराचे सन्माननीय सभासदांस खुले पत्र

सन्माननीय सभासद महोदय आणि महोदया,



आपल्या गोल्फ क्लबात उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, करण्याचं भाग्य मला लाभलं, त्याबद्दल आभार मानावेत म्हणून हे पत्र. क्लबाचं नाव लिहीत नाही. प्रमाणपत्र अजून हातात पडायचं आहे.

मी आपल्याला आठवणार नाही. कॉलरवाल्या पांढऱ्या टी-शर्टात आम्ही सगळे सारखेच दिसतो. टी-शर्टावर चिन्ह क्लबाचं, बिल मात्र वडिलांच्या नावे. चेंडू सरळ गेला की मागून कुणीतरी ‘गुड शॉट, सर’ म्हणायचं, तो मी. चेंडू तळ्यात गेला तर आकाशाकडे बघायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. उरलेलं शिक्षण त्यानंतर.

शिक्षण म्हणजे काय, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने 30 तासांचा एक श्रेयांक. पदवीच्या मुलाने 60 ते 120 तास कुठेतरी काम करावं, कामाचा अनुभव घ्यावा, असा नियम आहे. हेतू उत्तम. आमच्या कॉलेजाने मला हॉटेल व्यवस्थापन शिकवलं आणि अनुभवासाठी दाताळं हातात दिलं. बंकरमधली वाळू 30 तास सारखी केली की एक श्रेयांक. पहाटे ग्रीनवरचं दव लांब काठीने झटकलं, सरावाच्या मैदानातले चेंडू टोपल्यांत गोळा करून धुतले, फटक्याने उखडलेल्या गवताचे खड्डे वाळूने बुजवले की दुसरा. विद्यावेतनाचा प्रश्न विचारल्यावर ‘अनुभव अमूल्य असतो’ असं उत्तर मिळालं. अमूल्य वस्तूची किंमत देता येत नाही, हे व्यवस्थापनशास्त्र मला तेव्हाच कळलं.

पहिल्या दिवशी एका साहेबांनी मार्गदर्शनपर भाषण केलं. त्यात कलकत्त्याच्या माकडांची गोष्ट होती. इंग्रजांच्या काळी म्हणे इथली माकडं चेंडू पळवत, मग नियम झाला : माकड जिथे टाकेल तिथून पुढे खेळायचं. प्रत्येक प्रेरक वक्ता ही गोष्ट सांगतो. मला आपल्या मैदानावर एकही माकड दिसलं नाही. संध्याकाळी कोल्हे मात्र दिसले. ते चेंडू उचलत नाहीत आणि भाषणही करत नाहीत.

मी नागपूरचा आहे, हे कळल्यावर आपल्यापैकी एका वृद्ध सभासदांनी हसून मला ‘बर्गी’ म्हटलं, म्हणजे बंगालवर चालून येणारा मराठा स्वार. राग आला नाही. 1742 साली आमच्या रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार येतील या धास्तीने आपल्या शहराने सभोवती खंदक खणायला घेतला, तो कधी पुरा झाला नाही, आणि मराठे शहरापर्यंत पोचलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळानंतर नागपूरचा एक माणूस अखेर कलकत्त्यात शिरला, तो आपले वाळूचे खंदक विंचरायला. इतिहासाने असा सूड उगवावा, तोही विनावेतन!

इतिहासाचं म्हणाल, तर या शहराचा गोल्फ आमच्याकडच्या इंग्रजी अमदानीएवढाच जुना. पेशवाई बुडाली 1818 मध्ये, आणि अकराच वर्षांनी, 1829 मध्ये, दमदमला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची सुरुवात झाली. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब. ‘रॉयल’ हा शब्द पंचम जॉर्ज बादशहांच्या 1911च्या भारतभेटीच्या वेळचा. तोवर क्लब टॉलीगंजला आलेला होता. दोन शतकं होत आली. एवढ्या काळात या शहरातल्या खेळाने कामाचा अनुभव घेणारी पोरं पिढ्यान्‌पिढ्या पोसली. फक्त त्यांना कुणी इंटर्न म्हटलं नाही. त्यांना कॅडी म्हणतात.

त्यातलं एक नाव आपल्याला ठाऊक आहेच. शिवशंकर प्रसाद चौरसिया. वडील त्याच रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची निगा राखणारे. मुलगा मैदानाच्या कडेला वाढला, बॅगा उचलल्या, बघून बघून खेळ शिकला. 2008 मध्ये दिल्लीत त्याने इंडियन मास्टर्स जिंकली, 2011 मध्ये अवंथा मास्टर्स, आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. जवळचा खेळ इतका पक्का, की लोकांनी त्याचं टोपणनावच ‘चिपपुटसिया’ पाडलं. हा अभ्यासक्रम किती श्रेयांकांचा, ते आयोगाने कळवावं. आम्हा उमेदवारांच्या दैनंदिनीत ‘आत्मसात केलेली कौशल्ये’ असा रकाना आहे. चौरसियांनी तो भरला असता तर वहीला पुरवणी जोडावी लागली असती.

पण मला चौरसियांपेक्षा जास्त सतावतात ते बाकीचे, ज्यांनी काहीच जिंकलं नाही. माझ्यावर देखरेख ठेवायला कागदोपत्री एक साहेब होते. ते वातानुकूलित खोलीतून देखरेख ठेवत. मला शिकवलं ते केस पिकलेल्या एका कॅडीदादांनी. दाताळं ओढायचं नाही, वाळूवर सोडायचं. ग्रीनवर गवत कुठल्या बाजूला झोपलंय ते उन्हाच्या तिरपेत बघायचं, कारण चेंडू उताराइतकंच गवताचंही ऐकतो. चेंडूवर नजर ठेवणारा ‘आगेवाला’ पुढे का उभा असतो, तळ्याकाठचा चिखल कुठे फसवतो, कुठल्या साहेबांना सात नंबरची काठी हवी असते आणि ते मागतात आठची. तिसऱ्या तळ्यापाशी कोण आपला चेंडू पायाने हलवतात, हेही त्यांना माहीत आहे. नाव त्यांनी मला सांगितलेलं नाही, निर्धास्त असावं.

दादांना पैसे फेरीवर. फेरी नाही तर पैसे नाहीत, आणि पावसाळा या शहरात लांबलचक असतो. माझी बदली, रजा, उपस्थिती, मूल्यमापन या सगळ्यासाठी आपल्याकडे छापील नमुने आहेत. दादांसाठी एक फळा आहे. त्यावर खडूने नंबर लिहितात, आणि फेरी झाली की पुसतात.

तेव्हा विनंती एकच. माझ्या प्रमाणपत्रावर खाली ‘प्रशिक्षकाची सही’ अशी रेघ आहे. त्या रेघेवर साहेबांऐवजी दादांची सही घ्यावी, आणि माझ्या प्रशिक्षणासाठी क्लबाने कॉलेजाला जो वेळ दिल्याचं कळवलं आहे, त्या तासांचे पैसे दादांना द्यावेत. मला विद्यावेतन नको, टी-शर्टही परत घ्या. सही बंगालीत असेल. माझ्या कॉलेजाला चालेल, मी विचारून ठेवलं आहे.

आपला आज्ञाधारक,
एक उमेदवार
(मूळ गाव नागपूर, हल्ली मुक्काम कलकत्ता)