ज्युनियर केजी कसं पास व्हावं

ज्युनियर केजी हा जून ते मार्च चालणारा अभ्यासक्रम असून तो दोन प्रौढ व्यक्तींनी मिळून पुरा करायचा असतो. घरातली तिसरी व्यक्ती, वय वर्षे 4, हिच्या नावाने फी भरलेली असते एवढंच. तिच्या मदतीवर विसंबू नये. ती आपणहून मदतीला आली तर काय करावं, ते यथावकाश येईल.

पात्रतेच्या अटी फार नाहीत. दोघांपैकी एकाला कात्रीने गोल कापता आला पाहिजे. दुसऱ्याकडे दुचाकी हवी आणि रात्री साडेनऊनंतर पायात चप्पल सरकवायची तयारी हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) तेराव्या कलमानुसार शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. प्रवेश झाल्यावर पालकांची चाळणी दर आठवड्याला लावता येते का, याबद्दल कायदा गप्प आहे.

सूचना वाचण्याची रीत

सूचना वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते आणि स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की येते. ‘डिअर पेरेंट्स, उद्या आपला ऑरेंज डे आहे. मुलांना ऑरेंज ड्रेस, ऑरेंज टिफिन आणि एक ऑरेंज ऑब्जेक्ट देऊन पाठवावे.’ मग जोडलेले हात, मग फूल, मग शेवटची ओळ: ‘ॲक्टिव्हिटी मुलांनी स्वतः करायची आहे, पेरेंट्सनी फक्त गाइड करावे.’ ही ओळ ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’सारखी असते. ती सगळीकडे असते, कोणी लिहिली ते विचारायचं नसतं आणि तिच्यामुळे कोणाचाही वेग बदलत नाही.

यावर पहिली आई विचारते, ‘ऑरेंज म्हणजे केशरी चालेल का?’ दुसरी विचारते, डब्यात गाजर द्यायचं की पपई. तिसरी काहीच विचारत नाही. ती पंधरा मिनिटांत कागदी पट्ट्या गुंडाळून केलेल्या संत्र्याचा फोटो टाकते आणि खाली लिहिते, ‘आमच्या पिल्लूने केलं!’ या बाईंना सूचना आधी कशी कळते, याच्या तपासात वेळ घालवू नये. फोटो मोठा करून पाहावा, पानाला कोणता हिरवा वापरलाय ते हेरावं, अंगठा दाखवावा आणि नवऱ्याला उठवावं.

कच्चा माल

चार्ट पेपर, क्रेप, घोटीव कागद, फेव्हिकॉल, आइस्क्रीमच्या काड्या, टिकल्या, कापूस आणि हलणाऱ्या बुबुळांचे चिकटवायचे डोळे घरात कायम हवेत. डोळे जास्तच ठेवावेत. कुठल्याही वस्तूला दोन डोळे लावले की ती शैक्षणिक होते. पुण्यातल्या पालकांनी अप्पा बळवंत चौकातून सगळं सत्राच्या आरंभीच उचलावं. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018पासून बंदी आहे, त्यामुळे तो दुकानात मागू नये. नव्या फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातून निघतो तेवढ्यावर भागवावं. आमच्या सोसायटीत कोणाकडे नवा टीव्ही आला की अभिनंदनाला जाणाऱ्यांत केजीचे पालक सर्वांत पुढे असतात.

खोकं मात्र त्याच रात्री भंगारात द्यावं. ते मुलाच्या हाती लागलं, तर मूल त्यात बसून दोन तास बस चालवतं. जुन्या लाइट बिलाची तिकिटं फाडतं, आजोबांना ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ म्हणतं, दहाच्या नोटेला सुटे नाहीत म्हणून भांडतं आणि स्वारगेटला सगळ्यांना उतरवतं. मोजणी, भाषा आणि व्यवहारज्ञान असे तीन विषय यात विनापरवाना होऊन जातात, पण वर्कशीटवर ‘मीन्स ऑफ ट्रान्सपोर्ट’समोर चिकटवायला काहीही शिल्लक राहत नाही.

थोडा इतिहास (पालकसभेत उपयोगी)

फ्रीड्रिश फ्रोबेल या जर्मन गृहस्थाने 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन असं नाव दिलं. त्याच्या खेळसाहित्यातल्या पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते, दुसऱ्यात लाकडी गोळा, ठोकळा आणि दंडगोल. दंडगोलाला पालकांनी चमकी लावावी असं त्याने कुठेही सुचवलं नाही. दृष्टी तेवढी पोचली नसावी. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने या बालवाड्यांवर बंदीच घातली. त्यातून नास्तिकपणा आणि समाजवाद पसरेल अशी धास्ती होती. 1860 मध्ये बंदी उठली.

बाबांसाठी आदर्श हवा असेल तर तो आपल्या शेजारीच, भावनगरला आहे. गिजुभाई बधेका वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या काळजीने त्यांनी माँटेसरीबाईंचे विचार वाचले, वकिली सोडली आणि 1920 मध्ये बालमंदिर काढलं. लोक त्यांना ‘मूछाळी मा’, मिशावाली आई, म्हणत. आजच्या बाबांना नोकरी सोडायची गरज नाही. ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत प्रिंट काढता आली तरी पुरे.

लेखन

लेखनाचा आरंभ ‘स्टँडिंग लाइन’ आणि ‘स्लीपिंग लाइन’ने होतो. उभी रेघ, आडवी रेघ, चार पानं, शुक्रवारपर्यंत. इथे शरीरशास्त्र आडवं येतं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती मुळात हाडं नसतात, नुसती कूर्चा असते. ती वर्षानुवर्षं एकेक करून हाडं होतात. शेवटचं तर आठ ते बाराव्या वर्षांदरम्यान. म्हणजे चार वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत धरून मध्येच ‘हात दमला’ म्हणतं, तेव्हा ते खरं बोलत असण्याची दाट शक्यता आहे. बाबांची मात्र आठही हाडं पक्की असतात. निष्कर्ष उघड आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा बंदोबस्त

अभ्यासक्रमाला खरा धोका आजीपासून असतो. आई शाळेच्या ‘सॉर्टिंग किट’मधले प्लॅस्टिकचे गोळे शोधत सोफ्याखाली वाकलेली असते, तेव्हा आजी स्वयंपाकघरात फतकल मारून नातीला मटार सोलायला बसवते. शेंगेचं टोक चिमटीत धरायचं, दोरा ओढायचा, दाणे वाटीत, साल ताटात. मध्येच ‘एक तुला, एक मला’ चालतं आणि कोणाकडे जास्त झाले यावरून वाद होतो. कडधान्याचा डबा सांडला, की मटकी इकडे, चवळी तिकडे. वाट्या पालथ्या घालायच्या, मोठीवर छोटी. कणकेचा गोळा दिला की त्याची चिमणी होते, चिमणीचा साप होतो, सापाची पोळी होते आणि ती काळपट पोळी आजोबांना खावी लागते. तांब्यातून भांड्यात न सांडता पाणी ओतणं हा तर माँटेसरीबाईंच्या शाळांतला मान्य पाठ. 1907 मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं. आजी तोच पाठ ओट्याशी देते आणि सांडलं तर फडकंही मुलीच्याच हातात देते. फी घेत नाही.

हे सगळं तातडीने थांबवावं. कारणं तीन. आजीकडे लॅमिनेशन नाही. आजी शिकवताना फोटो काढत नाही, त्यामुळे शिक्षण झालं की नाही ते ग्रुपवर कोणालाही कळत नाही. आणि शेवटी मटार भाजीत जातो, म्हणजे पुरावाच नष्ट होतो. उपाय असा: मटकी ताब्यात घ्यावी, चार्ट पेपरवर फेव्हिकॉलने हत्ती भरावा, सोंडेपाशी मुलीला उभं करून फोटो घ्यावा. आजी ‘अगं, भिजवायची होती ती मटकी’ म्हणतील. त्यांना ‘फाइन मोटर स्किल्स’ म्हणून सांगावं.

मुलाने केल्यासारखं कसं करावं

ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत अवघड कला. फार सुबक काम पाठवलं तर टीचर वहीत ‘नाइस पेरेंट्स!’ लिहितात, आणि तो शेरा जिव्हारी लागतो. म्हणून चुका योजून घालाव्यात. सूर्य बाबांनी डाव्या हाताने काढावा. घराचं एक दार भिंतीबाहेर जाऊ द्यावं. रंग एका कोपऱ्यात रेषेबाहेर न्यावा. दोन कोपऱ्यांत नेला तर संशय येतो. मुलाने स्वतः काढलेलं चित्र इथे नमुना म्हणून उपयोगी नाही. त्यात लाल भोवरा असतो, त्यातून सतरा पाय फुटलेले असतात, आणि विचारलं तर ‘हे बाबा, घाईत आहेत’ असं उत्तर मिळतं. चार वर्षांच्या मुलाने काढल्यासारखं ते अजिबात दिसत नाही.

वारली डेला काळा कागद आणि पांढरा पोस्टर कलर लागतो. माणसं त्रिकोणात काढावीत आणि तारपावाला मध्ये, नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वळत गेलेली. माहितीसाठी: डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी प्रत्यक्ष वारली मुलांसाठी काम केलं; आधी 1945 पासून बोर्डीला, मग 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी ती कुरणात नेली. साहित्य म्हणजे बिया, शिंपले, खडे, पानं. या पद्धतीत पालकांना करण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही, हा तिचा मोठा दोष असून बहुधा त्यामुळेच ती आमच्या शाळेपर्यंत आली नाही.

वेशभूषा

आषाढीच्या दिंडीला विठ्ठलाचा पोशाख भाड्याने मिळतो, पण जून महिन्यातच सांगून ठेवावा. वर्गात विठ्ठल भरमसाट होतात आणि रुक्मिणी दोन-तीनच. त्यांची वाटणी पालकांनी आपसांत करू नये. ‘कम्युनिटी हेल्पर्स’च्या दिवशी भाजीवाली, पोस्टमन, डॉक्टर यांपैकी काहीही करावं. दोन ओळींचं इंग्रजी भाषण असतं. ते आईला पाठ हवं, कारण मंचाखाली ओठ हलवायचे असतात. आमच्याकडची एक भाजीवाली मंचावर गेली, भाषण विसरली आणि ‘मेथी घ्या, मेथी, ताजी आहे, परवाची नाही’ असं दोन मिनिटं मराठीत ओरडून खाली आली. तिला उत्तेजनार्थ पेन्सिल मिळाली. पहिलं बक्षीस एलईडीचे दिवे लावलेल्या ट्रॅफिक सिग्नलला गेलं.

वर्षअखेर

मार्चमध्ये सगळे प्रकल्प मोठ्या पिशवीतून परत येतात. टाकून देऊ नयेत. विषय दर वर्षी तेच असतात, त्यामुळे सुस्थितीतला ज्वालामुखी किंवा ‘माय फॅमिली ट्री’ (फोटो काढून) सोसायटीत सहज जातो. मटकीचा हत्ती मात्र घेणारा सापडत नाही. त्याला पोरकिडे लागलेले असतात. सिनियर केजीला तीन अक्षरी इंग्रजी शब्द, वीसपर्यंतची बेरीज आणि एक चालती पवनचक्की आहे. बाबांनी मेच्या सुट्टीत मोटर जोडायला शिकून घ्यावं.