तंत्रस्नेही सर

जिल्हा परिषद शाळांच्या कुठल्याही केंद्रात जा, एक तंत्रस्नेही सर भेटणारच. शिक्षण परिषदेत प्रोजेक्टर चालू होईना की सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. सर जराही घाई न दाखवता उठतात, केबल काढतात, तिच्या तोंडावर फुंकर मारतात आणि परत खुपसतात. पडद्यावर निळा उजेड येतो. फुंकरीचा आणि एचडीएमआयचा संबंध काय, हे विचारायची टाप केंद्रप्रमुखांचीही नाही.

सरांच्या सॅकमध्ये खडू सापडायचा नाही. ट्रायपॉड, कॉलरला लावायचा माइक, दोन पॉवर बँका, एक्स्टेंशन बोर्ड आणि पेनड्राइव्हचा एक जुडगा एवढं सापडेल. त्यातला एक पेनड्राइव्ह कधीच मेलाय; पण ‘त्यात महत्त्वाचा डेटा आहे’ म्हणून सर त्याला टाकून देत नाहीत. सर बोलतातही हॉटस्पॉट चालू असल्यासारखे, म्हणजे आजूबाजूच्या सर्वांसाठी.

माणूस मुळात भला. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा कार्यक्रम आला आणि गावोगाव लोकवर्गणीची लाट उसळली, तेव्हा सरांनी आमच्या गावात घरोघर फिरून पैसे गोळा केले होते. एका आजीनं शेळी विकून आलेल्या पैशातले पाचशे दिले, हे सांगताना त्यांचा आवाज आजही बदलतो. त्यातून वर्गात बोटानं चालणारा मोठा पॅनल आला, नारळ फुटला, सरपंचांनी पॅनलवर बोटानं स्वतःची सही करून पाहिली. पुढं बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली, तेव्हा सरांनी मागच्या घरातून वायर ओढून ‘डिजिटल शाळा’ चालू ठेवली. ही जिद्द माझ्यात नाही, मी मान्य करते.

टाळेबंदीत तर सर अख्ख्या तालुक्याचे झाले. रोज एक ऑनलाइन प्रश्नमंजूषा आणि रोज एक ई-प्रमाणपत्र. पर्यावरण दिन, योग दिन, वाघांचा दिन, ओझोनचा दिन. चाळीस टक्के पडले की प्रमाणपत्र, आणि नाही पडले तर परत सोडवायची मुभा. आमच्या केंद्रात ओझोनबद्दल प्रमाणित नसलेला माणूस औषधालाही उरला नाही. एका पालकानं मुलाच्या ऐवजी स्वतःच्या नावानं बारा प्रमाणपत्रं मिळवली आणि फ्रेम करून पिठाच्या गिरणीत लावली.

शिक्षण परिषदेत सरांचं एक वाक्य ठरलेलं असतं: “फळ्याचे दिवस संपले.” हे ऐकलं की मला एडिसन आठवतो. १९१३ साली त्यानं सांगून टाकलं होतं, की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं शिक्षण चलचित्रांतून होईल. आता एडिसनबद्दलही मुलं पुस्तकातच वाचतात. आपल्याकडं १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हाही गुरुजींचं ओझं टीव्ही उचलणार अशी हवा होती. शाळेशाळेत संच आले. मी नोकरीला लागले तेव्हा आमचा संच कपाटावर होता आणि त्याच्यावर पृथ्वीचा गोल ठेवलेला होता. सरांना हे सांगितलं तर म्हणतात, “मॅडम, ते एकतर्फी होतं. हे इंटरॅक्टिव्ह आहे.”

इंटरॅक्टिव्ह म्हणजे काय ते मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. बेरजेचा खेळ. पडद्यावर गणित, खाली चार उत्तरं. बरोबर दाबलं की टाळ्या आणि फुगे, चुकीचं दाबलं की अस्वल मान हलवतं. तिसरीच्या पोरांनी पहिल्याच तासाला यंत्राची नस ओळखली: चुकलं तरी काही जात नाही. मग ए, बी, सी, डी असं ओळीनं दाबत सुटायचं; कुठं ना कुठं फुगे येतातच. एकानं तर मला कानात सांगितलं, “बाई, अस्वल जास्त भारी आहे, म्हणून मी आधी चुकीचंच दाबतो.” खेळ संपला तेव्हा पडद्यावर ‘शंभर टक्के सहभाग’ आलं. सरांनी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्यावर सोळा अंगठे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचा एक गुलाब आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलांना पाटीवर अडतीस अधिक सत्तेचाळीस घातलं. बहुतेकांनी आठ नि सात पंधरा केले, पंधराच्या पंधरा खाली मांडले, मग तीन नि चार सात. उत्तर सातशे पंधरा. “अरे, हातच्याचं काय?” तर एक मुलगी शांतपणे म्हणाली, “तो आपोआप जातो, बाई.” कुठं? तिनं बोटानं हवेत गिरकी घेऊन दाखवली. सरांच्या बेरजेच्या व्हिडिओत हातचा एक घरंगळत उठतो, गिरकी घेतो आणि दशकाच्या डोक्यावर जाऊन बसतो, बरोबर ‘टिंग’ आवाज होतो. पोरं पाटीकडं बघत त्याची वाट पाहत होती.

मी काड्यांचे गठ्ठे काढले. दहा सुट्या काड्यांना रबर लावायला त्या मुलीला वेळ लागला. रबर दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा तो गठ्ठा तिनं स्वतःच उचलून दशकाच्या घरात ठेवला आणि मग बराच वेळ नुसतीच त्याच्याकडं बघत बसली.

सरांच्या पॅनलला हे बघत बसणंच परवडत नाही. तिथं कोपऱ्यात घड्याळ पळत असतं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या आसपास वर्गांमधल्या टेप ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद थांबायला शिकवलं तर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी बोलू लागली. तेव्हा वर्गात पॅनल नव्हता, म्हणजे घाई खडूवाल्यांचीच होती. छडीच्या धाकानं पाढे म्हणवून घेणारे आमचे गुरुजीही मुलांना विचार करायला वेळ देत नव्हते. सरांनी ती जुनी घाई विकत आणून भिंतीवर टांगली, एवढंच.

पण एका बाबतीत मी सरांपुढं हात टेकते. चंद्राच्या कला मी वर्षानुवर्षं मोसंबं आणि बॅटरी घेऊन शिकवल्या. मुलांनी तासाअखेर मोसंबं खाल्लं आणि अमावास्या म्हणजे चंद्रावर पृथ्वीची सावली, हा समज तसाच ठेवला. सरांनी पॅनलवर पृथ्वी, चंद्र आणि सूर्य फिरवत ठेवले आणि मुलांना हवं तिथं थांबवायला दिलं. पाऊण तास पोरं चंद्राला मागेपुढे ढकलत होती. एकानं विचारलं, मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? सरांना ते येत नव्हतं. दोघांनी मिळून चंद्राची कक्षा बाजूनं फिरवून पाहिली, तेव्हा ती तिरकी असल्याचं कळलं. त्या दिवशी सर फोटो काढायला विसरले, म्हणून अहवालात तो तास नाही.

हल्ली सरांच्या हाताशी एआय आहे. अहवाल, सूत्रसंचालन, बदलीचा निरोप समारंभ, सगळं त्यातून निघतं. सातवीच्या मुलांनीही ती वाट शोधली. ‘माझी आई’ या निबंधात एका पोरानं लिहून आणलं, ‘माझी आई हे एक बहुआयामी व्यक्तिमत्त्व आहे.’ त्याची आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवते. बहुआयामी म्हणजे काय विचारल्यावर तो म्हणाला, “लई कामं असणारी.” अर्थ अगदी चुकला नव्हता. मग मी त्याला म्हटलं, ती कामं सांग. त्यानं चुलीपासून सुरुवात केली आणि घंटा झाली तरी तो संपेना. निबंध तिथं होता, वहीत नव्हता.

सध्या सरांनी एका शैक्षणिक व्हिडिओ स्पर्धेचा ध्यास घेतलाय. विषय: ‘विचार करायला लावणारे अध्यापन’. शूटिंग माझ्या वर्गात. सरांनी मुलांना सांगितलं, “आता सगळ्यांनी विचार करताना दिसायचं.” तीस बोटं तीस हनुवट्यांवर गेली. पुढच्या रांगेतला एक मुलगा मात्र खाली मान घालून काड्या मोजत बसलेला. सर म्हणाले, “अरे, वर बघ, विचार कर!” तो म्हणाला, “थांबा सर, मोडतंय.”

परवा सरांनी तयार व्हिडिओ दाखवला. सुरुवातीला शाळेवरून ड्रोन फिरतो, मग सरांचं नाव सोनेरी अक्षरांत उगवतं. काड्यांचा तो भाग भुर्रकन गेला. मी विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, तिथं चाळीस सेकंद काहीच घडत नव्हतं हो. मी स्पीड वाढवला आणि खाली बासरी टाकली.”