गट-अ

डॉक्टरीणबाईंनी मला ‘गट-अ’मध्ये टाकलं तेव्हा माझ्या अंगात १०२.४ ताप होता, तरी मी खुर्चीत ताठ बसलो.

महसूल खात्यात तीस वर्षं काढली, ती सगळी गट-कमध्ये. ‘अव्वल कारकून’ या पदाला ‘अव्वल’ हा शब्द कुणी आणि कुठल्या रागापोटी चिकटवला, हे मला अजून कळलेलं नाही. नायब तहसीलदार झालो की गट-ब. त्या यादीत माझं नाव दर वर्षी इतकं जवळ येतं की मी सफारीचं कापड बघून ठेवतो, आणि दर वर्षी माझे शिलाईचे पैसे वाचतात. असा मी, आणि ही कालपरवापर्यंत दवाखान्याच्या पायरीवर सागरगोटे खेळणारी पोरगी माझ्या घशात बॅटरी मारून म्हणते, “काका, तुम्ही गट-अ.”

“राजपत्रित?” असं मी विचारलं नाही. पण ते चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण तिनं टेबलाच्या काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं. फ्लूच्या रुग्णांचे केंद्र सरकारनं तीन वर्ग केले आहेत. अ म्हणजे बारीक ताप, खोकला, घसा, अंगदुखी. यांची तपासणी करायची नाही, फ्लूचं औषध द्यायचं नाही, घरी बसवायचं आणि दोन दिवस नजर ठेवायची. ब म्हणजे ताप जास्त, घसा जास्त. आणि क म्हणजे दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीतून रक्त. क-वाल्यांना थेट दवाखान्यात भरती. ज्या कुणी हे वर्ग पाडले त्यानं सरकारी कचेरीत एक दिवससुद्धा काढला नसणार. आमच्याकडे गट-कला कुणी पाणी विचारत नाही. इथे त्याला खाट, सलाइन आणि ऑक्सिजन!

“म्हणजे औषध?”

“पॅरासिटामॉल. भरपूर पाणी. आराम.”

“आणि टेस्ट?”

“गरज नाही, काका. व्हायरल आहे.”

या शब्दाचा मला मनस्वी तिटकारा आहे. व्हायरल हा आजार नाही, तो शेरा आहे. साहेब फायलीवर ‘पाहिले’ लिहून सही ठोकतात, तसा. पाहिलं म्हणजे काय केलं, हे कुणी विचारायचं नाही. मार्च २०२३ चा तो महिना. रोज पेपरात एच३एन२, एच३एन२. कोरोनानंतर जरा कुठे तोंडं उघडी पडली होती, तर हा नवा पाहुणा. मी रविवारी दुपारी कुडकुडायला लागलो तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आपल्याला झालाय तो पेपरातलाच आहे. आता मी काय कचेरीत जाऊन ‘व्हायरल होता’ म्हणून सांगू? व्हायरल शिपायालाही होतो.

माझी आजी याला मानमोडी म्हणायची. १९१८ ची साथ तिनं दहा वर्षांची असताना पाहिली होती, आणि तिची आई त्यात गेली होती. त्या साथीनं देशातली एवढी माणसं नेली की १९२१ च्या शिरगणतीत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. आणि हिंदुस्थानात त्या वेळी पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजी त्याचं कारण एका वाक्यात सांगायची: “पुरुष निजले, बाया उठल्या.” लहानपणी मला ते वाक्य कळायचं नाही. मला फक्त मानमोडी हा शब्द आवडायचा. आजाराचं नाव कसं, ऐकल्याबरोबर हात मानेकडे गेला पाहिजे.

“शुगर आहे का?” डॉक्टरीणबाईंनी लिहितालिहिता विचारलं.

“बॉर्डरवर आहे.”

“बॉर्डर ओलांडून दोन वर्षं झाली,” मागच्या स्टुलावरून आवाज आला. बायकोला मी सोबत आणलं होतं ते पिशवी धरायला. “सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. चुकवतात, ते वेगळं.”

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं. “मग तुम्ही ब-दोन. मधुमेह, दमा, हृदयविकार, गरोदर बायका, लहान मुलं, पासष्टच्या पुढचे, हे सगळे त्यात येतात. तुम्हाला ओसेलटामिवीर सुरू करू. ताप येऊन अठ्ठेचाळीस तास व्हायच्या आत घेतलेलं बरं असतं.”

महसूल खात्याला तीस वर्षांत जे जमलं नाही ते सात मिनिटांत झालं, आणि तेही बायकोच्या शिफारशीवर. पण ब-दोनमध्येसुद्धा टेस्ट नाही. “रिपोर्ट येईपर्यंत तुमच्या निम्म्या गोळ्या संपतील, आणि रिपोर्ट काहीही आला तरी तुमच्या गोळ्या मी बदलणार नाही,” असं तिनं फार समजुतीनं सांगितलं. मी म्हटलं, तरी करू. ती म्हणाली, चार-साडेचार हजार जातील. मी म्हटलं, जाऊ देत. बायको काही म्हणाली नाही. ती काही म्हणत नाही तेव्हा मला आकडा मोठा वाटायला लागतो, पण तोवर शब्द गेला होता.

“मग एक सुई तरी? आणि पाच दिवस अँटिबायोटिक?”

“काका, हा विषाणू आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. याच महिन्यात आयएमएनंसुद्धा डॉक्टरांना सांगितलंय, उगाच लिहू नका म्हणून.” तिचे वडील याच खुर्चीत बसायचे तेव्हा सुई टोचल्याशिवाय पेशंट उठायचाच नाही. ते गेले, पण त्यांनी लावलेली सवय माझ्या दंडात राहिली आहे.

स्वॅब घ्यायला लॅबचा पोरगा आला. काडी नाकात गेली, आणि कोरोनात दोनदा अनुभव घेऊनसुद्धा मला दर वेळी वाटतं की आता ती बाहेरून दिसेल. डोळ्यांतून पाणी आलं. दुसरी काडी घशात, तिनं उमासा. मग दोन्ही काड्या गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकल्या आणि नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. “पुण्याला जाईल,” तो म्हणाला. आमच्या घराण्यात पुण्याला शिकायला कुणी गेलं नाही. माझा शेंबूड गेला.

आता त्या गोळीविषयी थोडं. थोडं म्हणतोय खरा, पण तीन दिवस पांघरुणात पडून मोबाइलवर मी एवढंच वाचलं, तेव्हा ऐकून घ्यावं लागेल. ओसेलटामिवीर ज्यापासून करतात त्याचं नाव शिकिमिक आम्ल. जपानात शिकिमी नावाचं झाड आहे, त्यात ते पहिल्यांदा सापडलं म्हणून हे नाव. ते झाड विषारी. पण त्याचा एक सज्जन चुलतभाऊ दक्षिण चीन आणि व्हिएतनामात होतो, आणि त्याच्या फळात हे आम्ल भरपूर असतं. हे फळ म्हणजे आपलं चक्रीफूल. माझ्या सासुरवाडीकडे त्याला बाद्यान म्हणतात. आठ पाकळ्यांची ती लाकडी चांदणी, जी मटणाच्या रश्शात कुणाच्या तरी वाटीत जाते आणि मग तो ती ताटाच्या कडेला काढून ठेवतो, ती! २००५ साली बर्ड फ्लूची भीती पसरली तेव्हा जगभरच्या सरकारांनी या औषधाचे साठे करायला घेतले आणि चीनमध्ये चक्रीफुलाचे भाव चढले. अमेरिकेचे आणि युरोपचे आरोग्यमंत्री बाद्यानाच्या भावाकडे डोळे लावून बसलेत, हे चित्र मला फारच आवडलं. (पुढे मोठमोठ्या टाक्यांतून जिवाणूंकडूनसुद्धा हे आम्ल करून घ्यायला लागले. म्हणजे विषाणूच्या औषधाला जिवाणू कामाला. हे मी डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगणार होतो. बायकोनं फोन काढून घेतला.)

मी हे सगळं मोठ्यानं वाचत होतो तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मसाल्याची यादी करत बसली होती. मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षाचा मसाला. ब्याडगी, संकेश्वरी, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर.

“चक्रीफूल किती लिहिलंस?” मी विचारलं.

“पंचवीस ग्रॅम.”

“शंभर लिही. औषध आहे ते.”

“मसाला कडू होईल,” ती म्हणाली. झालं. अमेरिका-युरोपच्या आरोग्यमंत्र्यांना जे सुचलं नाही ते तिनं दोन शब्दांत सांगितलं. आणि तसं पाहिलं तर खरंच आहे. त्या आम्लावर कारखान्यात कितीतरी प्रक्रिया झाल्यावर औषध होतं, नुसतं फूल चघळून काही होत नाही. नाहीतर कोल्हापुरात गेली शंभर वर्षं कुणी शिंकलंच नसतं.

रिपोर्ट बुधवारी आला. इन्फ्लुएंझा ए, एच३एन२, पॉझिटिव्ह. दहावीचा निकालसुद्धा मी इतका निरखून वाचला नव्हता. आणि मग आणखी एक शोध लागला. हा एच३एन२ माणसांत पहिल्यांदा आला तो १९६८ साली, हाँगकाँगला. त्या साथीत जगभर दहा लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. माझा जन्म १९६८ चा. म्हणजे आम्ही एकाच वर्षीचे. फरक एवढाच की तो दर वर्षी अंगरखा थोडाथोडा बदलतो, म्हणून त्याची लसही दर वर्षी बदलावी लागते, आणि मी १९९३ पासून त्याच टेबलावर आहे. पंचावन्न वर्षांनी भेट झाली ती माझ्या नाकात.

रिपोर्टचा फोटो काढून मी कचेरीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘काळजी नसावी.’ पण मंगळवारपासून राज्यभरचे कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले होते. (माझी नोकरी २००५ च्या आधीची, मला जुनी पेन्शन आहेच, पण संप म्हटलं की मागे राहणं बरं दिसत नाही.) ग्रुपवर दर मिनिटाला मोर्चाचे फोटो पडत होते. माझ्या रिपोर्टखाली सातव्या मिनिटाला पहिला प्रतिसाद आला. मी चष्मा लावला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन.’ नंतर टाळ्यांचे अकरा हात, तेही त्या घोषणेला. तीस वर्षांत मला लागण झालेला एकमेव नामांकित आजार अशा आठवड्यात झाला, की सगळी कचेरीच रिकामी होती. रजेचा अर्ज लिहायलासुद्धा वाव नाही.

कालनिर्णयावर मात्र माझी नोंद चोख होती. तारखेच्या प्रत्येक चौकोनात लाल पेननं ताप: १०२.४, १०१.८, १००.६. वेळसुद्धा. त्या चौकोनांत एरवी बायको दुधाचा हिशोब लिहिते, पेन्सिलीनं, बारीक, सासूकडून उचललेल्या जुन्या पद्धतीनं. दीड लिटर म्हणजे १॥. माझ्या लाल आकड्यांखाली तिचे आकडे दबून गेले होते, पण आजारी माणसाला कोण बोलणार? शुक्रवारी माझा ताप गेला. शनिवारी ती मसाला घेऊन डंकावर गेली. तिन्हीसांजेला आली ती डोळे लाल, नाक गळतंय, आवाज बसलेला. मी म्हटलं, डंकावर जाऊन आली की असंच होतं. डंकावर सगळेच खोकतात, सगळेच शिंकतात, कांडणाऱ्यासकट. ती डबे भरायला बसली. मला पाच दिवसांनी तोंडाला चव आली होती, म्हणून मी आल्याचा चहा मागितला. तो चहा फक्कड झाला होता, हे मला आठवतं.

महिना संपल्यावर गवळी आला तेव्हा तिनं मला हिशोब जमवायला सांगितला. मी कालनिर्णय भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं. १॥, १॥, १. सतरा तारखेच्या चौकोनात दुधाखाली पेन्सिलीनं बारीक १०१.

“हे एकशे एक कुणाला दिलेस?”

“कुणाला नाही.”

“अगं, लिहिलंयस ना. लग्नाचा आहेर होता का कुणाचा?” अठराव्या चौकोनात ‘मसाला ५ किलो’, आणि खाली १०१॥. “आणि दुसऱ्या दिवशी वर आठ आणे? आठ आणे कुठल्या आहेरात देतात?”

ती तांदूळ निवडत होती. “ताप आहे तो. तुमचा थर्मामीटर तिथंच पडलेला असायचा, म्हणून लावून बघितला.”

एकोणीसच्या चौकोनात १००॥. वीसमध्ये दूध फक्त. एकवीसला ‘गुढीची काठी, साखरेची गाठी’.

“मग सांगायचं नाही का?”

“लिहिलं होतं की,” ती म्हणाली, आणि सुपातला एक खडा नखानं बाहेर उडवला. “सोळाला दूध आलं नव्हतं. ते आधी वजा करा, तो उभा आहे दारात.”