गार्डसाहेबांचा वनवास

रामाला वनवासाला निघताना रिझर्व्हेशन करावं लागलं नव्हतं. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात तंबू ठोकायची जागा ११ महिने आधीपासून बुक करता येते आणि झाडीतल्या चांगल्या जागा तेव्हाच उडतात. त्यामुळे या जुलैचा वनवास नवऱ्याने गेल्या ऑगस्टातच पदरात पाडून घेतला होता.

यंदा सासू-सासरे आलेले. नाना मध्य रेल्वेत गार्ड होते, उमेद सगळी कर्जत-लोणावळा घाटात गेली. ‘जुनी रेल्वे लाइन दाखवतो’ म्हटल्याबरोबर ते बूट घालून तयार. लाइन आहे, पण तिच्यावरचे रूळ उखडलेत, हे सांगण्याची जबाबदारी नवऱ्याने माझ्यावर टाकली आणि मी लेकीवर.

मुक्काम वाइल्डकॅट माउंटन पार्कात. शेकोटीसाठी आमच्या अंगणातल्या पडलेल्या मेपलची लाकडं नेऊ म्हटलं, तर तीही नेता येत नाहीत. अ‍ॅशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा सरपणातून गावोगाव पसरतो, म्हणून लाकूड प्रमाणित तरी हवं, नाहीतर पार्कापासून दहा मैलांच्या आतलं. सासूबाईंनी जंगलात बसून विकत घेतलेल्या मोळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हणजे इथे लाकडालाही व्हिसा लागतो!”

रात्री अकरानंतर शांतता पाळायची, असा फलक होता. नानांच्या घोरण्याला तो लागू पडतो का, याची चौकशी करायला आम्ही गेलो नाही. रॅकूनला मात्र कुठलाच फलक लागू नसावा. बाकावर विसरलेला चिवड्याचा डबा त्याने माणसासारख्या बोटांनी उघडला. सकाळी बघतो तर पोहे, दाणे, डाळं सगळं फस्त, आणि कढीपत्ता तेवढा बाजूला काढून ठेवलेला, अगदी आमच्या लेकीसारखा.

दुसऱ्या दिवशी सायकली. एलरॉय ते स्पार्टा हा ५१ किलोमीटरचा मार्ग एके काळी शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा होता. गाड्या बंद पडल्यावर १९६०च्या दशकात राज्याने तो घेतला आणि रुळांच्या जागी चुनखडीची बारीक कच पसरून सायकलींना दिला. केंडलच्या जुन्या स्टेशनात त्याचा पास मिळतो. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक सायकलस्वाराला तो लागतो.

“रेल्वेवाल्याकडे पास मागतात?” नाना खिडकीशीच अडले. निवृत्त माणसाला मिळणारा फुकट पास इथे चालत नाही हे त्यांना पटलं, पण रूळ नसलेल्या लाइनीला स्टेशन कशाला, हे शेवटपर्यंत पटलं नाही.

पुढे नॉर्वॉकला गेलो. मार्गावर तीन बोगदे आहेत. त्यातला नॉर्वॉकच्या पुढचा सगळ्यात लांब, जवळजवळ ११६० मीटर. तोंडाशी प्रचंड लाकडी दरवाजे. हिवाळ्यात आत बर्फ धरू नये म्हणून ते दोन गाड्यांच्या मध्ये बंद ठेवत आणि उघडझाप करायला तिथे राखणदार असे. त्याची खोपटी नानांनी आतबाहेर तपासली. बोगदा १८७३ सालचा, असं मी वाचून दाखवलं. “आपला बोरघाट १८६३ चा,” नाना खूश होऊन म्हणाले. पास काढल्यापासूनचा राग तिथे उतरला.

आत सायकल हातात धरून चालायचं, टॉर्च हवाच. भर जुलैत दात वाजतील असा गारवा, वरून टपटप पाणी, मिट्ट काळोख. नाना सगळ्यात मागे, गार्डाच्या जागी. निम्म्यात समोरून एक दिवा भलत्याच वेगाने येताना दिसला. कोणीतरी नियम धाब्यावर बसवून सायकल चालवतच येत होता.

नानांनी माझ्या सायकलचा मागचा लाल दिवा उपटला, पुढे आले आणि आडवा हलवला. सायकल कचकन थांबली. “नो रायडिंग. वॉकिंग ओन्ली.” उंच, गोरा बुवा खाली उतरून “सॉरी, सर” म्हणाला आणि उभाच राहिला. नानाही उभेच. “नाना, जाऊ द्या त्याला,” मी कुजबुजले.

“लाल दाखवलाय. हिरवा दाखवल्याशिवाय कसा जाईल?”

लेकीने पिशवीतली हिरवी पाण्याची बाटली काढून दिली. नानांनी तिच्यामागे टॉर्च धरला आणि हात उंचावून रीतसर ऑल राइट दिला. बुवा सायकल ढकलत चालता झाला. जाताना त्याने नानांना पासही दाखवला.