स्थिर आकड्याचे माहात्म्य

पाणीपुरवठा योजनेत गुणवत्ता-संवेदक, म्हणजेच सेन्सर, बसविण्याचा घोषित हेतू पाण्यातील बिघाड वेळीच कळावा हा असला, तरी कार्यालयीन व्यवहारात त्याच्याकडून अपेक्षा असते ती बिघाड न कळविण्याची. आणि ही अपेक्षा नादुरुस्त सेन्सर ज्या निष्ठेने पुरी करतो, ती निष्ठा धडधाकट सेन्सरला सहसा जमत नाही.

आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम मुक्त अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे निर्जंतुकीकरण उरकल्यावर पुढच्या वाटेतील जंतूंसाठी शिल्लक राहणारा क्लोरीन, असावा लागतो. तो मोजणाऱ्या प्रचलित सेन्सरमध्ये पातळ पडद्याआड द्रवात दोन इलेक्ट्रोड असतात आणि पडद्यातून झिरपलेल्या क्लोरीनमुळे अत्यंत क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो. पडद्यावर लोहाचा किंवा जंतूंचा बुळबुळीत थर बसला की हा प्रवाह घटतो, यंत्राला क्लोरीन कमी भासतो आणि मात्रा स्वयंचलित असेल तर ते भाबडेपणाने आणखी क्लोरीन ओतू लागते. म्हणून पडदा वेळोवेळी बदलावा लागतो, तसेच पाण्याला गुलाबी रंग आणणाऱ्या डीपीडी चाचणीशी आकडा ताडून यंत्र जुळवून घ्यावे लागते. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मात्र कोनशिलेवरचा पडदा सारण्यास मंत्री मिळतात, सेन्सरचा पडदा बदलण्यास कंत्राटी मदतनीसही मिळत नाही, कारण पहिल्याचा खर्च भांडवली सदरात सहज बसतो आणि दुसऱ्याचा कोणत्याच सदरात बसत नाही.

त्यातच भारतीय शहरांत पाणी बहुधा दिवसातून काही तासच येते. उरलेल्या वेळी रिकाम्या नळात सेन्सर कोरडा पडतो, दाब उतरल्यामुळे गळक्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते आणि पाणी सुटताच येणारे हवेचे बुडबुडे गढूळपणा मोजणाऱ्या यंत्राला मातीचे कण वाटतात, कारण ते यंत्र पाण्यात विखुरलेला प्रकाश मोजते, विखुरणारा पदार्थ ओळखत नाही. अशा वेळी खरी घाण आणि निव्वळ हवा यांची सूचना एकाच घंटेने मिळते. यावर घंटेची मर्यादा वाढवून ठेवण्याचा तोडगा विशेष लोकप्रिय असून त्यानंतर शांतता नांदते.

आकडे स्थिर ठेवण्याची कला यंत्रांनी माणसांकडूनच घेतली असावी. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावी क्लोरीन रोज हाताने मोजणे अपेक्षित असताना, कर्मचारी बहुतेक दिवशी न मोजताच नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ लिहीत असत. मे २००० मधील मुसळधार पावसात शेतातील शेणखताचे जंतू तेथील पाचव्या क्रमांकाच्या विहिरीत उतरले, तेव्हा सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या गावात जवळपास २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा निष्कर्ष असा, की त्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारी यंत्रे असती तर हा उद्रेक टळला असता. हा निष्कर्ष योग्यच आहे. त्यातून यंत्र विकत घेतले की काम संपले, एवढाच बोध घेणाऱ्यांचा दोष न्यायमूर्तींच्या माथी मारता येत नाही.

वास्तविक क्लोरीनचा आकडा पाण्याच्या मागणीनुसार, तापमानानुसार आणि पंपाच्या वेळांनुसार हलायलाच हवा, त्यामुळे आठवडाभर न हललेली सरळ रेघ पाहून अभियंत्याने दचकावे. अनेक प्रणालींत संपर्क तुटला तरी शेवटचा आकडा फलकावर तसाच राहतो, आणि आढावा बैठकीत मात्र त्याची गणना ‘सातत्यपूर्ण गुणवत्ता’ या शीर्षाखाली होते.

आकड्याशेजारी शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख दाखविण्यास फलकावर एक ओळ पुरेल. तसा प्रस्ताव कोणी मांडलाच, तर ती ओळ मूळ कंत्राटात मोडते की वाढीव कामात, यावर लेखा विभाग अभिप्राय मागवील, आणि तारीखच उपलब्ध नसल्यास त्या रकान्यात काय भरावे याचे मार्गदर्शन शासनाकडून घेतले जाईल.