उभ्या गाडीचं डुलणं

अमेरिकेत घर मागे जोडून गावोगाव फिरणारी हौशी मंडळी आहेत. त्यांच्या एका प्रकारच्या घरगाडीचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या आखाच्या वर टेकलेलं असतं. तिला फिफ्थ व्हील म्हणतात. मुक्कामाला पिकअप सोडवली की गाडीचा साधारण पाचवा हिस्सा भार पुढच्या दोन पायांवर येतो. मग आत नवऱ्यानं कूस बदलली तरी बायकोच्या कपातला चहा हिंदकळतो. माढा तालुक्यातल्या मोडनिंबचा माणूस या दुखण्याला हसणार नाही, कारण हंगामात त्याच्याही दारात ट्रॉली सोडलेली असते.

माढा तालुका उसाचा. पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे, आणि गाळप सुरू झालं की रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. त्यात दोन चाकी ट्रॉली ही मोठी मानी वस्तू. तिचं नाक ट्रॅक्टरच्या हुकावर आहे तोवर ती शहाणी. मागे ऊस जास्त चढवून हूक सोडला, तर दांडा थेट आभाळ दाखवतो. भार पुढे असला, तर तोच दांडा जमिनीवर आदळतो. म्हणून दांड्याखाली जॅक लागतो आणि प्रत्येक जाणारा-येणारा त्या जॅकबद्दल फुकट सल्ला देऊन जातो.

सल्ला बहुधा एकच: "जॅक अजून चढवा." इथंच घोटाळा आहे. जॅक भार उचलतो, डुलणं थांबवत नाही. उलट पाय जितका लांब बाहेर काढावा तितका तो जास्त लचकतो. शिवाय आपण हँडब्रेक ओढला म्हणून टायरमधली हवा काही घट्ट होत नाही, आणि पाटेही आपला लवचीकपणा सोडत नाहीत. गाडी वर-खाली हलते, डावी-उजवी हलते, मागे-पुढेही हलते. सरळ उभा खांब यातलं फार तर पहिलं आवरतो. उरलेल्या दोन्हींना तिरका आधार हवा. एस.टी.त दांडी न मिळालेला प्रवासी पाय फाकवून उभा राहतो, त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. घरगाडीवाले नाकाखाली तिपाई लावतात आणि एकामागच्या एक दोन चाकांमध्ये पाचर आवळतात, तेही याचसाठी.

आपल्याकडे आणखी एक भिडू असतो, काळी माती. पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार. सकाळी लेव्हल लावून उभी केलेली ट्रॉली वळवाच्या एका सरीत कान पाडून बसते. उपाय जुनाच: जॅकखाली रुंद जाड फळी. भार तेवढाच राहतो, पण जास्त जागेत वाटला जातो. मोडनिंबला हा हिशेब नवा नाही. कुर्डुवाडीहून पंढरपूरला 1906 साली जी बार्शी लाईटची अरुंद रेल्वे गेली, ती याच गावावरून. तिच्या इंजिनिअरनं, एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं, कुठल्याच आखावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून हलक्या रुळांवरून वारकरीही गेले आणि मालही गेला. त्याला ट्रॉली दाखवायला हवी होती. बहुधा ऊस मोजायच्या आधीच त्यानं हात जोडले असते.

क्रम मात्र चुकवू नये. आधी चाकांना दोन्हीकडून उटी, मग जॅक, मग हूक. पुष्कळ जण आधी हूक काढतात आणि ट्रॉली घरंगळू लागली की मग दगड शोधायला पळतात. त्या पळण्यात अख्ख्या गल्लीची करमणूक होते, पण पुढच्या गाईची होत नाही.

आणि ट्रॉलीवाल्यांनो, एवढं करा. रस्त्याकडेला रात्री उभं राहायचं तर मागे लाल रिफ्लेक्टर लावा, आणि निघताना उटीचा दगड रस्त्यावर सोडू नका. मागून मोटारसायकलवाला येतोय.