कलम ११२ यांस, सा. न. वि. वि.

मा. कलम ११२, भारतीय पुरावा कायदा, १८७२
(१ जुलै २०२४ पासून हल्ली मुक्काम: कलम ११६, भारतीय साक्ष्य अधिनियम) यांस,

नव्या घरी गेलात, नंबर बदललात, मजकूर मात्र तोच राखलात, याबद्दल प्रथम अभिनंदन.

पत्रास कारण की, २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात आपला पुन्हा विजय झाला. केरळमधला तेवीस वर्षांचा मुलगा. आई सांगते, हा नवऱ्याचा नाही, दुसऱ्याचा. मुलगाही तेच म्हणतो. दुखणी, शस्त्रक्रिया, खर्च झेपेना, म्हणून तो त्या गृहस्थाकडे पोटगी मागतो. एकदा डीएनए तपासा म्हणतो. आपण बोट दाखवलंत: मुलगा पोटात राहिला तेव्हा नवरा-बायको एका छताखाली होती ना? मग नवराच बाप! त्या गृहस्थाच्या खासगीपणाला आणि अब्रूला धक्का नको. त्याआधी या मुलाची आई जन्मनोंदीतलं बापाचं नाव बदलायला कोचीच्या महापालिकेत गेली, तर कोर्टाचा हुकूम आणा म्हणाले. कोर्टात गेली, तर दारात आपण.

आता २०१४ आठवा. नागपूरकडचं प्रकरण. तिथे चाचणी नवऱ्यालाच हवी होती. मुलगी माझी नाही, पोटगी देणार नाही, असं त्याचं म्हणणं. अहवाल त्याच्या बाजूने आला आणि त्याच न्यायालयाने विज्ञानापुढे आपल्याला नमतं घ्यायला लावलं. म्हणजे पुरुषाला सुटायचं असलं की सत्य मोठं, आणि पोराला बाप हवा असला की अब्रू मोठी! ही अब्रू पोराला नसते काय?

पितृत्वाचा दावा लढलेल्या रोहित शेखर यांची आईसुद्धा विवाहितच होती. तरी २०१२ मध्ये माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांचं रक्त तपासलं गेलं आणि ते बाप ठरले. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजावं लागलं. तेवढा पैसा आणि दम किती जणांकडे असतो?

यवतमाळच्या झरी-जामणीतल्या कोलाम आदिवासी कुमारी मातांना तर आपली ओळखही नाही. लग्नच नाही, तर आपलं छत्र कुठलं? आईच्या एकटीच्या नावाने जन्मदाखला मिळायची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने मोकळी झाली, हे ठीक. अनौरस मुलाला पोटगीचा हक्क कायद्याने आहे, हेही ठीक. पण त्यांच्या पोरांचा बाप असलेल्या, काम संपवून परमुलखात निघून गेलेल्या ठेकेदाराला समन्स कुठल्या पत्त्यावर बजावायचं?

खरं तर आपल्यावर राग धरवत नाही. आपण जन्मलात तेव्हा रक्तगटसुद्धा कुणाला ठाऊक नव्हते. बायकोवर संशय घेऊन ‘हे माझं नव्हे’ म्हणणाऱ्या नवऱ्यांपासून आपण किती लेकरं वाचवलीत; आजही वाचवता. तिथे आपण हलू नयेच. मात्र सज्ञान झालेलं मूल स्वतःहून चाचणी मागत असेल, तेव्हा तरी कृपया वाटेतून बाजूला व्हावे.

कळावे.